चौदा कबुल्या आणि पंधरावा माणूस

वकील साहेब गेले, त्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांच्या मुलाचा रायपूरहून फोन आला. ऑफिसची कपाटं रिकामी करायची होती, आणि तिथे तीस वर्षं टायपिंग केलेली मी सोडून त्या कागदांची ओळख कोणालाच नव्हती. मी दोन दिवस जाऊन बसले. बरंचसं उधईनं खाल्लं होतं. खालच्या खणात लाल फडक्यात बांधलेलं एक बंडल मात्र शाबूत निघालं. एका जुन्या फौजदारी निकालाची ती इंग्रजी नक्कल होती, एकोणीस पानांची. साहेबांनी ती कुठून मिळवली, कशासाठी ठेवली, कधी बोलले नाहीत. मी उभ्या उभ्या चार पानं वाचली, मग खुर्ची ओढून बसले आणि संपवूनच उठले.

बालाघाट मध्य प्रांतात होतं, तेव्हाचा तो खटला. वैनगंगेच्या पलीकडे, वारासिवनीच्या बाजूला, पंधरा घरांचं एक गाव. तिथला मालगुजाराचा कारिंदा, म्हणजे त्या जमीनदाराची वसुली पाहणारा माणूस, धान कापणीच्या दिवसांत एकाएकी दिसेनासा झाला. तीन आठवड्यांनी खळ्यावरचं पुंजणं, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांची ती घराएवढी रास, मळणीसाठी उलगडायला घेतलं, तेव्हा आत त्याचं प्रेत सापडलं. डोक्याच्या मागे एकच घाव होता. गावच्या कोतवालानं चालत ठाण्यावर जाऊन वर्दी दिली. पोलीस आले तेव्हा गावातली चौदा घरांची चौदा माणसं रांगेनं उभी राहिली आणि प्रत्येकानं सांगितलं, मी मारलं, एकट्यानं मारलं. मॅजिस्ट्रेटनं प्रत्येकाला वेगवेगळं बोलावलं. चौदाही जण तेच बोलले, त्याच शब्दांत. घाव एक, मारणारे चौदा, आणि प्रत्येक जण एकटा. पंधराव्या घराचा माणूस म्हणजे तो कोतवाल. तो तेवढा म्हणाला, मी मारलं नाही, कोणी मारलं मला ठाऊक नाही.

न्यायाधीशानं चौदा जणांना सोडलं. फाशी कोणाला द्यायची हेच ठरेना.

इथे बालाघाटला आमच्या वॉर्डात मराठी घरांचं एक छोटं मंडळ आहे. हिवाळ्यात आम्ही एक नाटक करतो. घरातली पोरं हिंदीत बोलतात, त्यामुळे प्रेक्षक वर्षागणिक कमी होतात, पण नाटक होतं. त्या वर्षी मी म्हटलं, नाटक मी लिहिते. दिग्दर्शन नेहमीप्रमाणे आमच्या शेजारच्या भाऊजींकडे. ते रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाल्यापासून त्यांना शिट्टी वाजवायला दुसरं काही उरलेलं नाही.

दीड महिन्यात मी नाटक लिहिलं. त्यात गाव एक झालेलं होतं, जुलमी कारिंदा होता, आणि गावाशी फितुरी केलेला एक माणूस होता. फितूर कोण, हे मला वेगळं ठरवावंच लागलं नाही. सगळे एका बाजूला आणि कोतवाल एकटा दुसऱ्या बाजूला, म्हणजे तोच. मी त्याला ठाण्यातल्या जमादारासमोर हात चोळायला लावलं, गाव झोपलंय का हे मागे वळून पाहायला लावलं. सगळ्यात रंगलेला भाग तोच होता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, या कोतवालानं तं नाटक खाऊन टाकलं." मला बरं वाटलं.

तालमी मंडळाच्या हॉलमध्ये सुरू झाल्या, संध्याकाळी सहा ते आठ. पहिल्या आठवड्यातच तो माणूस दिसला. पन्नाशीचा, अंगात खाकी स्वेटर, डोक्यावर काही नाही. दाराजवळ चपला काढतात तिथल्या शेवटच्या बाकावर बसायचा. मांडीवर वही. मधूनच लिहायचा, परत मान वर करायचा. तालीम संपायच्या दहा मिनिटं आधी उठून जायचा. मला वाटलं, भाऊजींच्या ओळखीचा असेल. चौथ्या दिवशी भाऊजींनीच मला विचारलं, "तुमच्या इकडचा पाव्हना आहे का तो?"

"मी तं समजली का तुमचा आहे."

आम्ही दोघांनी एकदम मागे पाहिलं. बाक रिकामा होता.

त्या दिवसापासून मला काही सुचेना. तीस वर्षं फौजदारी कागद टाइप केले की माणूस कोणाचंच सरळ ऐकत नाही. प्रत्येक वाक्याच्या मागे दुसरं वाक्य दिसायला लागतं. त्या मालगुजाराचे वंशज आहेत, त्यांची जिल्ह्यात ओळख आहे, हे मला ठाऊक होतं. नाटकात मी गावाचं नाव घेतलं नव्हतं, घराण्याचं तर नाहीच. पण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाऊजींनी टाकलं होतं, आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्या खऱ्या खटल्यावर नवीन नाटक, आणि खाली माझं नाव, नंबर. कोणी वाचलं असेल, कोणी पुढे पाठवलं असेल, सांगता येत नव्हतं.

मग दुपारी एक फोन आला. अनोळखी नंबर. आवाज हळू.

"नाटक तुम्ही लिवलं का, मॅडम?"

"हौ. आपण कोण?"

"नाटकात नावं घेनार हाये का? गावाचं, मानसाइचं?"

"तुम्ही आधी तुमचं नाव सांगा."

फोन ठेवला गेला. मी परत लावला तर उचलला नाही. नंबर मी वर्तमानपत्राच्या कडेवर लिहून ठेवला आणि घरातल्यांना काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी माझ्या संहितेतली दोन पानं गेली. नेमकी कोतवालाच्या साक्षीची. हॉलमध्ये टेबलावर फाइल ठेवून मी चहा घ्यायला बाहेर गेले होते, परत आले तर सत्तावीस-अठ्ठावीस नाहीत. शेवटच्या बाकावर पाहिलं, तो माणूस नुकताच निघून गेलेला. भाऊजींना बाजूला घेऊन मी फोनचं सांगितलं, पानांचं सांगितलं. ते गंभीर झाले. म्हणाले, "उद्या आला तं विचारूनच घेऊ. पन सगळ्याइच्या समोर. एकट्यानं नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला, तसाच बसला. तालीम थांबवून भाऊजी त्याच्याजवळ गेले. आम्ही आठ-नऊ जण मागे उभे. आता आठवलं की मला ते दृश्य आवडत नाही, पण तेव्हा मीच सर्वांच्या पुढे होते.

"तुमाले कोनं पाठवलं?" मी विचारलं.

"कोनंच नाही."

"मग रोज काहून येऊन राह्यले? काय लिहिता?"

भाऊजींनी हात पुढे केला. त्यानं वही देऊन टाकली, अगदी सहज. भाऊजींनी उघडून मोठ्यानं वाचायला घेतली आणि तिसऱ्या ओळीला आवाज खाली आणला. वहीत आमच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. कोतवालाचे संवाद होते. तालमीत जे जे आम्ही त्याच्या तोंडी घातलं होतं, ते सगळं, तारीखवार. एखादं वाक्य आम्ही बदललं असेल तर जुनं आणि नवं दोन्ही. बाकी चौदा माणसांचं एकही नाही.

"हे कशाले?" भाऊजींनी विचारलं.

"तो माह्या आजाचा बाप होय," तो म्हणाला.

कोतवालाचं काम करणारा आमचा मेडिकल स्टोअरवाला हातातली काठी घेऊन तसाच उभा होता. त्यानं ती हळूच भिंतीला टेकवली.

आणि मी काय विचारलं, तर, "याचा पुरावा काय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. "पुरावा तं तुमच्याजवळ हाये, मॅडम. कोर्टाचा कागद तुमच्याकडे. आमच्याजवळ फक्त सांगनं हाये." एवढं बोलून त्यानं चपला घातल्या आणि गेला. वही भाऊजींच्याच हातात राहिली.

घरी नेऊन मी ती नीट पाहिली. मागच्या पुठ्ठ्यावर त्याचं नाव, एका राइस मिलचं नाव, खाली 'मिस्त्री' असं आणि मोबाइल नंबर. वर्तमानपत्राच्या कडेवरचा नंबर काढून ताडून पाहिला. तोच होता. म्हणजे फोन करणारा आणि बाकावरचा एकच. माझा संशय कमी व्हायला हवा होता, तो वाढला. नातेवाईक आहे म्हणतो, नाव सांगत नाही, फोन ठेवून देतो, गुपचूप येऊन लिहून घेतो. उद्या वकिलाची नोटीस आली तर ही वही म्हणजे त्याचा कागद. आणि ती दोन पानं.

पानांचा उलगडा रात्रीच्या जेवणाआधीच झाला. माझी धाकटी जाऊ नाटकात प्रॉम्प्टिंग करते. भाजी निवडता निवडता म्हणाली, "ताई, ते साक्षीचे पेज झेरॉक्सले नेलते मी, पर्समधीच राहून गेले. तुमाले सांगाचं भुलली." पानांना घडी पडली होती, एवढंच. मी तिला रागावले नाही. माझ्या मनात त्या माणसानं ती फाडलीसुद्धा होती, खिशात घातलीसुद्धा होती. मी कोर्टात शपथेवर सांगितलं असतं.

रविवारी वही परत द्यायला मी गेले. जावेला सोबत घेतलं. आधी फोन केला, त्यानं पत्ता सांगितला, जास्त बोलला नाही. ऑटोवाल्यानं आम्हाला नदीकडच्या वस्तीत सोडलं. स्वच्छ दोन खोल्या, भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, अंगणात दुरुस्तीला आणलेली पाण्याची मोटर उघडी पडलेली. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. आत खाटेवर त्याची आत्या बसली होती, ऐंशीच्या पुढची, कानानं कमी पण नजरेनं पक्की. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. संशयानं पाहणारी मी एकटीच नव्हते.

"तुमचं गाव कोनतं?" तिनं विचारलं.

मी माझ्या माहेरचं सांगितलं. तेही नदीपलीकडचंच, त्या गावापासून दोन-तीन गावं सोडून.

"शेतीवाले?"

"हौ."

"मंग तुमाले मालूम असन," ती म्हणाली आणि थांबली.

मला काहीच मालूम नव्हतं. मी वही दिली आणि विचारलं, "आत्या, तुमचे आजे सगळ्या गावाच्या विरोधात काहून गेले?"

ती भाच्याकडे वळली, जणू मी काय म्हणाले ते त्यानं पुन्हा सांगावं. मग म्हणाली, "विरोधात कोन गेलं, बाई? त्याले कोनं सांगतलंच नाही. चौदा जनाइनं देवळात शपथ घेतली. आत. माहा आजा पायरीच्या खाली उभा होता. त्याले देवळात जाऊ देत होते का?"

चहाचा कप माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला.

"प्रेत सापडलं तं वर्दी देनं कोतवालाचं काम. नाही देली असती तं त्याचीच नोकरी गेली असती. मंग तो ठान्यावर गेला; याइनं आत काय ठरवलं, त्याले काय मालूम? साहेबानं इचारलं, तू मारलं? तो म्हने, नाही. खरंच बोलला. सगळे खोटे बोलले ते गावाचे झाले, अन् खरं बोलला तो चोर झाला."

पुढचं तिच्या भाच्यानं सांगितलं. चौदा जण सुटून आले आणि मग पोलिसांनी कोतवालालाच नेलं. कबूल केलेले निर्दोष, म्हणजे नाकारणारा कोण, असा त्यांचा हिशेब. काही महिने आत ठेवून सोडलं. काहीच सापडलं नाही. तोवर कोतवाली दुसऱ्याला गेली होती. गावात कोणी पाणी द्यायला तयार नव्हतं, कारण त्यांच्या मते वर्दी देणारा तोच. बायको-पोरं घेऊन तो बालाघाटला आला, आधी मँगनीजच्या खाणीवर, मग रेल्वेच्या रुळावर कामाला लागला. गावचे लोक बाजारात भेटले तर तोंड फिरवायचे. त्याच्या पोरालासुद्धा 'खबरी' म्हणायचे.

"तुमचं नाटक होईन असं कळलं," तो म्हणाला, "तं मी इचार केला, जाऊन पायतो. कदाचित कागदात खरं असन. पन तुम्हीबी त्याले खबरीच केलं. नाव सांगून भांडाचं तं कोन्या तोंडानं भांडू? म्हनून लिवून घेऊन राह्यलतो. आत्याले वाचून दाखवत होतो."

"रोज?"

"हौ. ती म्हने, पाय, उद्या बदलन."

परतताना ऑटोत मी आतून वाद घालत होते. चार पिढ्या तोंडी चालत आलेली गोष्ट. प्रत्येक घर आपल्या माणसाला चांगलाच म्हणतं. पोलिसांनी त्याला पुढे नेलं, याचा माझ्या कागदात काही दाखला नव्हता. शपथेच्या वेळी तो देवळाबाहेर होता, याचाही नव्हता, अशी माझी खात्री होती.

घरी आल्यावर लाल फडकं सोडलं. अकराव्या पानावर ते वाक्य होतं. आरोपींपैकी एकानं जबाबात म्हटलं होतं, आम्ही सर्वांनी देवासमोर शब्द दिला. देवासमोर. मी ते दहा वेळा वाचलं असेल, नाटकात उचललंसुद्धा होतं. चौदा जण हातात बेलाचं पान घेऊन उभे, असा प्रवेशच लिहिला होता. पंधरावा तिथे का नाही, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो आधीच फितूर झाला होता ना, म्हणून नाही, असं मी धरून चालले होते. आणि एकोणिसाव्या पानावर न्यायाधीशाचं शेवटचं वाक्य, ज्यानं एकट्यानं नाकारलं त्याच्या बाबतीत पुरेसा तपास झालेला दिसत नाही. तेही मी वाचलं होतं. त्या वाक्याचं पुढे पोलिसांनी काय केलं असेल, हे तीस वर्षं अशीच वाक्यं टाइप केलेल्या बाईला कळायला हवं होतं.

माझ्या माहेरच्या गावात देऊळ आहे. लहानपणी सणाच्या दिवशी पायरीखाली उभी राहणारी माणसं मी पाहिली आहेत. प्रसाद त्यांच्या हातावर वरून टाकत. मला ते कधी विचित्र वाटलं नव्हतं, आणि नाटक लिहिताना आठवलंही नव्हतं.

भाऊजींना सांगितलं तेव्हा ते वैतागले. बारा दिवस उरले होते. "अख्खा कोतवाल उलटा करता, वहिनी? पाठ झालं सगळ्याइचं." मंडळाच्या बैठकीत एक जण म्हणाले, हा विषय काहून काढता, जुनं झालं ते, मंडळात सगळ्या समाजाचे लोक आहेत. दुसरे म्हणाले, तो माणूस आपल्याला वापरून घेऊन राहिला असेल. मी त्यांना अकरावं पान वाचून दाखवलं. पटलं असं नाही, पण कागद इंग्रजीत आणि कोर्टाचा, म्हणून गप्प बसले. मेडिकलवाला तेवढा म्हणाला, "मले चालते. हात चोळाचं तसंही मले जमत नव्हतं."

मी देवळाचा प्रवेश पुन्हा लिहिला. मंचावर एक पायरी ठेवली. चौदा जण आत बोलतात, कोतवाल खाली उभा राहून काही तरी ऐकायचा प्रयत्न करतो, ऐकू येत नाही. जमादारासमोरचं सगळं काढून टाकलं.

प्रयोगाला शंभरेक माणसं होती. तो शेवटच्या बाकावर बसला, या वेळी वहीशिवाय, आणि या वेळी शेवटपर्यंत थांबला. पडदा पडल्यावर एका गृहस्थानं उठून विचारलं, पण मग मारलं कोणी? भाऊजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ठाऊक नाही. तो गृहस्थ नाराज होऊन बसला. घरी ह्यांनीही तेच विचारलं, "अन् त्या कोतवालानंच मारलं असन तं?" तेही शक्य आहे. माझ्याकडे त्याच्या बाजूचं एक वाक्य आहे, विरुद्ध एकही नाही, एवढंच मी म्हणू शकते.

आत्याला हॉलपर्यंत येववलं नव्हतं, म्हणून पुढच्या रविवारी मी तिला नवा प्रवेश वाचून दाखवायला गेले. तिनं डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "चुप नवता तो. तुम्ही त्याले चुप दाखवलं. तो पायरीखालून म्हने, मलेबी सांगा, मीबी हाव गावाचा."

मी भाच्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले; हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. म्हातारीला ते आजाकडून आलं होतं, की माझं वाचन ऐकता ऐकता तिला आत्ताच सुचलं, मला कळेना. तिच्या चेहऱ्यावरून काही उमगत नव्हतं, आणि मी तिला पुरावा मागितला नाही.

मार्चमध्ये वारासिवनीला दुसरा प्रयोग झाला. त्यात ते वाक्य होतं.